लेण्यांतला बुद्ध इतिहास, मग गल्लीतला बुद्ध राजकारण कसा?

१/ कोल्हापूर परिसरात इतिहासप्रेमी तरुणांची भटकंती ठरलेली असते. पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर. बौद्ध अवशेषांची गोडी असलेले पोहाळ्याची लेणी पाहतात, काही कराडच्या आगाशिवापर्यंत जातात. परतताना महामार्गावरून शहरात शिरण्याआधी उचगाव लागते. उचगावसारख्या गावांच्या बौद्ध वस्तीत जो लहानसा विहार असतो, तिथे मात्र यांपैकी कोणी थांबत नाही. हा धागा त्या न थांबण्याविषयी आहे.

२/ हे उचगाव करवीर तालुक्यातले, बेळगावजवळचे नव्हे. कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गालगत, गांधीनगरच्या कापडबाजाराच्या शेजारी. या पट्ट्यातील गावांच्या विहारांना ना शिखर असते ना शिल्पपट. एक साधे सभागृह, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, दारात निळा आणि पंचशील ध्वज, भिंतीवर देणगीदारांची पाटी आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. या धाग्यात त्या पाटीचा आणि कपाटाचा उल्लेख पुन्हा येईल.

३/ विहाराकडे दुर्लक्ष करण्याची तीन कारणे सांगितली जातात. पहिले : बौद्ध धर्म महाराष्ट्रात होऊन गेला, त्याचा इतिहास लेण्यांपाशी संपतो. दुसरे : आजचा बौद्ध समाज १९५६ मध्ये एका दिवसात निर्माण झाला, त्याला पूर्वपीठिका नाही. तिसरे : विहारातील उत्सव ही परंपरा नसून राजकारण आहे. तिन्ही विधाने आत्मविश्वासाने केली जातात. पुराव्यापुढे एकही टिकत नाही.

४/ आधी पहिले. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहरातच एका स्तूपाचे अवशेष सापडले. त्यातील करंडकावरचा ब्राह्मी लेख अगदी त्रोटक आहे : हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान, धम्मगुप्ताने करविलेले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचा पुरावा मिळाला. अंबाबाईच्या देवळाहून कितीतरी जुना असा हा कोल्हापूरचा थर आहे.

५/ यात राजे कमी आणि सामान्य माणसे जास्त आहेत. मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’ या नगराच्या दानाचा लेख आहे. करहाकट म्हणजे कराड, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दाता म्हणून तिथे कोणा एकाचे नाव नाही; दान नगराच्या ‘निगमा’चे आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका नगराने सामुदायिक दान उभे केले आणि शेकडो मैल दूरच्या स्तूपाला पाठवले. याला मराठीत शब्द आहे : वर्गणी.

६/ कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. तिथेच सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दाता आहे. कुड्याच्या लेण्यांत माळी दाता म्हणून येतो. जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी भेटतात. आपण ज्या भव्यतेपुढे छायाचित्रे काढतो, ती अशा कारागिरांच्या हिश्श्यांतून उभी राहिली. लेण्याच्या भिंतीवरची ब्राह्मी ही मुख्यतः देणगीदारांची पाटीच आहे.

७/ नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर सरळ हिशेबाची वही आहे. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

८/ हिशेब करून पाहावा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. आकडा तंतोतंत जुळतो. दुसऱ्या शतकातील या ताळेबंदावर जगभर शोधनिबंध लिहिले जातात आणि ते योग्यच आहे. मग पावसाळ्याच्या त्याच तीन महिन्यांसाठी गावच्या विहारातील लोखंडी कपाटात जो जमाखर्च लिहिलेला असतो, त्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला काहीच दिसू नये, हे आश्चर्य आहे.

९/ येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उषवदाताच्या विणकरांपासून आजच्या विहारापर्यंत अखंड परंपरा चालत आली, असा दावा या धाग्यात नाही. मधली अनेक शतके लेणी ओस पडली. लोकांनी त्यांना पांडवांची नावे दिली. तुटलेला दुवा तुटलेलाच सांगायला हवा. पण तुटलेला धागा एका समाजाने जाणीवपूर्वक पुन्हा हाती घेतला, ही घटना अखंडतेपेक्षा कमी ऐतिहासिक ठरत नाही. उलट तिची तारीख, तिची माणसे आणि तिची कारणे आपल्याला ठाऊक आहेत.

१०/ आता दुसरे विधान : सारे १९५६ मध्ये अचानक घडले. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे मराठी बुद्धचरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावाला ते पुस्तक स्वतः केळुसकरांनी भेट दिले. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी याच काळात पाली शिकून बुद्धविचार मराठीत आणत होते. नागपूरच्या दीक्षाभूमीमागे मराठी वाचनाचे अर्धे शतक उभे आहे.

११/ कोल्हापूरपुरते बोलायचे तर पूर्वपीठिका आणखी ठोस आहे. राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम काढला. १९१८ मध्ये त्यांनी संस्थानातील महार वतने बरखास्त केली. वतनाच्या तुकड्याच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी गावकी सुटली. ब्रिटिश मुलखाच्या वारशाने आलेल्या मुंबई राज्यात असा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

१२/ २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि या तरुणाच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्यांना सांगितले. डिसेंबर १९५० मध्ये भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. ज्या जिल्ह्यात हे घडले तिथल्या विहाराला पूर्वपीठिका नाही, असे म्हणायला धाडसच हवे.

१३/ विहार या वास्तूचाही आरंभ मोठ्या मंदिरात नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी पुण्याजवळ देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. उपासकांना घरी आणि विहारात वंदना करता यावी म्हणून त्यांनी ‘बौद्ध पूजा पाठ’ ही छोटी पुस्तिका स्वतः संकलित केली. कामगार वस्तीतला लहान विहार आणि हातात मावणारी पुस्तिका हाच या चळवळीचा मूळ आराखडा होता.

१४/ मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. तिथीने तो अशोक विजयादशमीचा दिवस. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये ही संख्या सुमारे २७.९० लाख झाली. २०११ मध्ये ती ६५ लाखांहून अधिक होती, म्हणजे देशातील दर चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रात. आणि यांपैकी बहुतेकांचे धार्मिक जीवन अजिंठ्यात चालत नाही. ते गल्लीतल्या विहारात चालते.

१५/ ‘सवलतींसाठी धर्म बदलला’ असे म्हणणाऱ्यांनी एक कायदा वाचावा. बौद्ध झालेली व्यक्ती केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकत असे. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. म्हणजे चौतीस वर्षे कागदावर ‘बौद्ध’ लिहिणे हा तोट्याचा व्यवहार होता. त्या काळात ज्यांनी तो शब्द लिहिला, त्यांच्या निष्ठेची याहून कठोर परीक्षा इतिहासाला घेता येणार नाही.

१६/ आता तिसरे आणि सर्वांत लाडके विधान : विहारातले उत्सव ही परंपरा नव्हे. परंपरा म्हणजे जिला जन्मतारीख नाही ती, असा समज यामागे आहे. पण सार्वजनिक गणेशोत्सवाचा जन्म १८९० च्या दशकातला. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव त्याच काळातला. दोन्हींमागे उघड राजकीय हेतू होता आणि तो शाळेत अभिमानाने शिकवला जातो. मग राजकीय हेतू केवळ १४ एप्रिललाच कमीपणा कसा आणतो?

१७/ लहान विहाराचे वार्षिक वेळापत्रक नीट पाहिले तर त्यात दोन कालगणना एकत्र नांदताना दिसतात. एक चंद्राची : वैशाखातील बुद्धपौर्णिमा, आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास, आश्विनात त्याची सांगता. दुसरी कॅलेंडरची : १ जानेवारी, ३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला फुले, १४ एप्रिल, २६ जूनला शाहू, २६ नोव्हेंबरला संविधान, ६ डिसेंबर. इसवीसनपूर्व काळातील सारनाथ आणि विसाव्या शतकातील भारताचे संविधान यांना एकाच वर्षात, एकाच सभागृहात बसवणारी दुसरी संस्था सहजी सापडणार नाही.

१८/ कोल्हापूरचा शाही दसरा पाहायला गर्दी लोटते, आणि तो पाहावाच. त्याच दिवशी सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील होते, बावीस प्रतिज्ञांचे वाचन होते. एकाच तिथीला एकाच परिसरात दोन इतिहास साजरे होत असतात. एकाची मिरवणूक दिसते, दुसऱ्याची प्रतिज्ञा ऐकू येत नाही. दोन्हींची नोंद केल्याविना ‘कोल्हापूरचा दसरा’ या विषयावरील लेखन अपुरे आहे.

१९/ यावर हमखास उत्तर येते ते डीजेचे. जयंतीच्या मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा आवाज हा दोष आहे, आणि तो दोष म्हणून सांगायलाच हवा. विहारातील ज्येष्ठ मंडळीही तो बोलून दाखवतात. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी ज्या चळवळीने ऐकली, तिला ध्वनिक्षेपकांच्या भिंतीची गरज नाही. पण हाच आवाज गणपतीतही असतो आणि त्यावरून गणेशोत्सव इतिहासातून बाद केला जात नाही. न्याय एक असावा.

२०/ शिवाय मिरवणूक एका दिवसाची असते. वर्षावास तीन महिन्यांचा. पावसाळ्याच्या संध्याकाळी स्वयंपाकाची घाई आवरून पांढरी साडी नेसलेल्या बायका विहारात जमतात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. अनेक विहारांत वाचणारी एखादी उपासिकाच असते. पौर्णिमेला खीर होते. नामकरण, मंगलपरिणय आणि पुण्यानुमोदनाचे विधी बौद्धाचार्य पार पाडतात, आणि तो बहुधा नोकरी-मजुरी सांभाळणारा गावातलाच गृहस्थ असतो. पुरोहिताविना चालणारी ही व्यवस्था समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे.

२१/ जागेचाही इतिहास आहे. अनेक गावांत विहार उभा राहिला तो जुन्या तक्क्याच्या जागी. तक्क्या म्हणजे महारवाड्याची चावडी. गावचे बोलावणे तिथे यायचे. लाकडे फोडायला, सांगावा पोचवायला, मेलेले जनावर ओढायला माणसे तिथून उठून जायची. त्याच जागी आज रविवारी सकाळी मुले वंदनेला बसतात. जागा तीच, पण तिथून उठून कुठे जायचे हे ठरवणारा बदलला. महाराष्ट्राच्या सामाजिक क्रांतीचा इतका नेमका भौगोलिक पुरावा क्वचित मिळतो.

२२/ दुर्लक्ष अटळ नसते, हे उचगावच्या शेजारीच दिसते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. पुढे तिथे फाळणीनंतर आलेले सिंधी कुटुंबीय वसले आणि गांधीनगर वाढले. पोलिश माणसे जेमतेम पाच वर्षे राहिली. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे आणि इतिहासप्रेमींना ती कथा पाठ आहे. हे योग्यच झाले. त्या मुलांनी मोठेपणी एकत्र येऊन छायाचित्रे, पत्रे आणि आठवणी जपल्या, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून ते घडले.

२३/ म्हणून या वादात विहार समित्यांचीही जबाबदारी आहे. जुनी कौलारू वास्तू पाडून स्लॅबची इमारत होते तेव्हा पहिली कोनशिला राडारोड्यात जाते. पहिल्या वर्गणीचे पावतीपुस्तक वाळवीच्या तोंडी पडते. १९५६-५७ च्या दीक्षेची छायाचित्रे एखाद्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत राहतात आणि त्यांच्यासोबत संपतात. प्रत्येक देवळाखाली बुद्ध शोधणारा अभिनिवेश समाजमाध्यमांवर भरपूर आहे. स्वतःच्या विहारातील वही जपण्याची शिस्त त्या मानाने थोडी आहे. पहिल्याने टाळ्या मिळतात, दुसऱ्याने इतिहास उरतो.

२४/ आणि घाई आहे. कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या चर्चेत उचगावचे नाव वारंवार येते. ती होवो वा न होवो, महामार्गालगतची ही गावे शहरात विरघळत चालली आहेत. वस्त्यांची नावे बदलतात. जातिवाचक नावे बदलण्याचा राज्य सरकारचा डिसेंबर २०२० चा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र नाव बदलताना जुने नाव, ते सोसलेली माणसे आणि बदलाची मागणी करणारा अर्ज यांची नोंद राहिली नाही, तर अन्यायाबरोबर त्याविरुद्धचा लढाही पुसला जाईल.

२५/ नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा जे वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. लेण्यातील लेख आणखी हजार वर्षे थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत. इतिहासाच्या तरुण विद्यार्थ्यांना आपले शास्त्र वापरायची याहून निकडीची जागा नाही.

२६/ करायचे काम साधे आहे. रविवारी जवळच्या विहारात जावे, वंदनेला शांत बसावे, मग समितीची परवानगी घ्यावी. कोनशिला आणि देणगीदारांची पाटी शब्दशः उतरवून घ्यावी. जुन्या वह्यांची छायाचित्रे काढून एक प्रत विहारालाच द्यावी. ज्येष्ठांच्या, विशेषतः बायकांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित कराव्यात. कोणाचे नाव, पत्ता, छायाचित्र त्यांच्या संमतीविना समाजमाध्यमांवर टाकू नये. कागद विहाराचे आहेत. अभ्यासक तिथे पाहुणा आहे.

२७/ शिवाजी विद्यापीठ उचगावपासून फार दूर नाही. कोल्हापूरचे पुराभिलेखागार करवीर दरबाराचे कागद सांभाळते आणि त्यावर पिढ्यांनी काम केले आहे. दरबाराने वतने बरखास्त केल्याचा हुकूम तिथे अभ्यासता येतो. तो हुकूम ज्यांच्या आयुष्यात उतरला, त्यांनी पुढे काय उभारले, याचे उत्तर दरबारी दप्तरात नाही. ते विहाराच्या लोखंडी कपाटात आहे.

२८/ धम्मगुप्ताने करविलेला करंडक आणि त्यावरची एक ओळ हाती लागली, म्हणून कोल्हापूरच्या बौद्ध इतिहासाचा आरंभ सांगता येतो. त्या काळी कोणीतरी दात्याचे नाव कोरून ठेवण्याचे कष्ट घेतले होते. उचगावसारख्या गावांतील विहारांसाठी ज्यांनी दहा-दहा रुपये दिले, त्यांची नावे पावतीपुस्तकात आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी ती उतरवून घ्यावीत.

(धागा समाप्त)